अर्धी म्हणजे पंचेचाळीस

उत्तर बरोबर आणि मार्क शून्य. असं कुठे असतं का? पण मास्तरीणबाईंनी माझ्या कागदावर लाल पेन्सिलीने या टोकापासून त्या टोकापर्यंत काट मारली आणि म्हणाल्या, "पुन्हा कर."

"बाई, काटकोन आलाय ना?"

"आलाय."

"काटकोनच सिद्ध करायचा होता ना?"

"होता."

"मग काट कशाला?"

"आलाय, पण तू आणला नाहीस," बाई म्हणाल्या आणि सुपातल्या शेंगा सोलायला लागल्या.

मला असं झालं की तो कागद चुरगाळून त्या शेंगांच्या सालांत फेकावा. पण गरज माझी होती. मुकाट्याने उठले आणि घरी आले.

गणित तसं चार ओळींचं. दोन समांतर रेषा. त्यांना कापत जाणारी तिसरी, ती छेदिका. छेदिकेच्या एकाच बाजूला, दोन रेषांच्या मध्ये, दोन कोन होतात. त्या दोन्ही कोनांचे दुभाजक काढायचे, म्हणजे कोनाचे बरोबर दोन भाग करणाऱ्या रेघा. या दोन रेघा एकमेकींना काटकोनात भेटतात हे सिद्ध करा. बास. या चार ओळींनी माझा जीव खाल्ला.

आमच्या गावच्या दवाखान्यात मदतनीस बाईची जागा निघाली होती. दहावी पास हवी आणि वयाची अट. माझं वय यंदा बसत होतं, पुढच्या वर्षी बसणार नव्हतं. बाकीचे विषय मी पडत-झडत काढले होते. भूमिती तेवढी घशात अडकली होती. आणि त्या जागेचं मला एवढं काय, तर सांगते. मी सुताराच्या घरची सून. लग्न होऊन आले तेव्हापासून दुसऱ्याच्या फळीचं टोक धरते आहे. एक टोक सासऱ्यांच्या, म्हणजे आबांच्या हातात, एक माझ्या. करवत त्यांची, माप त्यांचं, ओरडाही त्यांचाच. मला एक काहीतरी असं हवं होतं की ज्याची दोन्ही टोकं माझ्या हातात असतील.

त्यात ते वादळ. उन्हाळ्याच्या तोंडाशी आलं आणि अर्ध्या गावाची दारं-खिडक्या उचकटून गेलं. आमच्या पडवीत लाकडाची रास लागली. सकाळी डोळे उघडायच्या आत कुणीतरी दारात उभं, "आबा, आमची चौकट कधी?" आणि नेमकी त्याच वेळी यांच्या तळहातात लाकूड कोरायची पटाशी घुसली. हे म्हणजे आमचे मालक. हाताला मोठं बोचकं बांधून ओट्यावर बसले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. आता करवतीचं दुसरं टोक धरायला, रंधा मारायला, भुसा भरायला, लाकूड चिकटवायचा सरस तापवायला, सगळ्याला एकच बाई. मी.

संध्याकाळी फळी धरून माझे दंड भरून यायचे. नाकात भुसा, केसांत भुसा, भाकरी थापताना हाताला सरसाचा वास. आणि डोक्यात ती काट.

जेवताना मी यांना म्हटलं, "तुम्ही बघा बरं. दुभाजक म्हणजे काय?"

"अर्धा करणारा."

"अर्धा म्हणजे किती?"

"अर्धी म्हणजे पंचेचाळीस," ताटावरून मान वर न करता सासरे म्हणाले.

झालं. मी तरी दुसरं काय लिहिलं होतं? आमच्या घरात चौकटीच्या कोपऱ्याला दोन फळ्या जिथे तिरक्या कापून जोडतात त्या कापाला 'अर्धी' म्हणतात. "अर्धी मार" म्हटलं की पंचेचाळीस अंशांत करवत चालवायची. घरातलं शेंबडं पोरसुद्धा झोपेतून उठवलं तरी सांगेल. मी सिद्धतेत तेच लिहिलं होतं. हा दुभाजक, म्हणून पंचेचाळीस. तो दुभाजक, म्हणून पंचेचाळीस. त्रिकोणात दोघांची बेरीज नव्वद, म्हणून तिसरा कोन नव्वद. काटकोन. काय चुकलं होतं माझं?

"काही चुकलं नाही," आबा म्हणाले. "मास्तरीण चुकतेय. पुस्तकं वाचून डोळे गेलेत तिचे."

सासूबाई म्हणाल्या, "एवढी हौस आहे तर तुम्हीच जाऊन सांगा की."

मला वाटलं थट्टा चालली आहे. पण दुसऱ्या दिवशी दुपारी आबांनी खांद्यावर टॉवेल टाकला, हातात गुण्या घेतला आणि निघाले. गुण्या म्हणजे कोपरा काटकोनात आहे की नाही ते बघायचं आमचं लोखंडी हत्यार. मी मागून पळत. बाई ओट्यावरच होत्या. आबांनी माझा कागद मागितला, त्यावर गुण्या ठेवला आणि बाईंच्या डोळ्यांपुढे धरला.

"बघा. गुण्यात आहे. केसाचाही फरक नाही. द्या मार्क."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "आबा, काटकोन आहे हे मलाही दिसतंय. तो का आहे ते मला हवंय."

"का म्हणजे? दोन अर्ध्या मारल्या म्हणून."

"कशाच्या अर्ध्या?"

"कशाच्या म्हणजे? कोपऱ्याच्या!"

"कोपरा केवढा?"

"कोपरा कोपऱ्याएवढा!" आबांचा आवाज चढला. "कोपऱ्याला काय वेगवेगळी मापं असतात का?"

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग माझ्या हातातून पेन्सिल घेतली आणि कागदाच्या मागे दोन समांतर रेषा ओढल्या. तिसरी छेदिका मात्र वाऱ्याने कलंडलेल्या खांबासारखी तिरकी काढली. "आता मार तुझी अर्धी," मला म्हणाल्या.

मी पंचेचाळीस अंश मोजून रेघ मारली. मोठ्या कोनात ती एका बाजूला सरकून बसली, लहान कोनात दुसऱ्या. आंधळ्यालाही दिसलं असतं की कोनाचे दोन भाग सारखे नाहीत. इतके दिवस मी छेदिका काढत होते ती कायम सरळ उभी, खांबासारखी. तिरकी काढायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्या घरात फळीवर फळी येते ती गुण्यातच येते. आमच्या घरात सगळं गुण्यात, फक्त माणसं तेवढी गुण्यागोविंदाने नाहीत.

"अशी वाकडी चौकट कोण करून घेतं?" आबा म्हणाले. "कलंडलेलं घर आहे का हे?" आणि गुण्या उचलून तडक चालायला लागले.

बाई म्हणाल्या, "समजा म्हणून सुरुवात कर. समजा, मोठा कोन इतका. मोजू नकोस. समज."

घरी येऊन मी ते म्हणाले, तर आबा फिसकारले. "सुतारकामात समजा चालत नाही. समजा करून फळी कापली तर चुलीत घालायची वेळ येते."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. तिरक्या छेदिकेवर कोनमापक ठेवून मोजायची. एक कोन एकशेदहा, दुसरा सत्तर. अर्धे केले तर पंचावन्न आणि पस्तीस. बेरीज पुन्हा नव्वद! दुसरी छेदिका काढली, आणखी तिरकी. अर्धे साठ आणि तीस. पुन्हा नव्वद! कितीही वाकडी काढा, मेला तो काटकोन येऊन उभाच. पाहुणा नको म्हटलं तरी जेवणाच्या वेळेला येतो तसा. आणि का येतो ते काही केल्या कळेना. मला रडूच आलं. चूक करून चुकलं तर माणूस समजू शकतो. इथे बरोबर येतंय आणि तरीही मला येत नाही, याचा संताप कुणाला सांगायचा?

"झोप आता, दिवा बंद कर," हे म्हणाले.

"तुम्हाला काय, हात बांधून बसलात."

"मग मी काय करू? हात बांधलाय, तोंड थोडीच बांधलंय. विचार ना मला काय ते."

"काही नको," मी म्हटलं. खरं तर त्यांना काही येत नव्हतं आणि हे त्यांना माझ्याहून जास्त लागत होतं.

सुटलं ते दुसऱ्याच दिवशी, आणि सुटताना मार खायची वेळ आली. आबा करवत चालवत होते, मी फळीचं टोक गुडघ्याखाली दाबून धरलं होतं. करवत पुढे, करवत मागे. डोक्यात तेच चाललेलं. एकशेदहा आणि सत्तर. एकशेवीस आणि साठ. एक वाढला की दुसरा तेवढाच कमी होतो. दोघांचं मिळून कायम एकशेऐंशी, कारण रेषा समांतर आहेत. मग प्रत्येकाचा अर्धा किती ते कशाला मोजायचं? एकूण एकशेऐंशी असेल तर दोन अर्ध्यांचं एकूण...

"एकशेऐंशीचा अर्धा!" मी ओरडले आणि उठूनच उभी राहिले.

फळी उडाली. करवतीचं पातं आबांच्या पायाच्या अंगठ्याजवळून गेलं.

"डोकं ठिकाणावर आहे का?" आबा किंचाळले. "पाय गेला असता माझा!"

मी तिथून पळाले ती भुशाने भरलेल्या हातांनी मास्तरीणबाईंकडे. ओट्यावर उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. समजा मोठा कोन इतका, तर लहान तितका, दोन्ही मिळून एकशेऐंशी, अर्ध्यांची बेरीज नव्वद, म्हणून उरलेला कोन नव्वद. कुठेही पंचेचाळीस नाही. बाईंनी शेंगांचं सूप बाजूला ठेवलं.

"आता आणलास," म्हणाल्या. एवढंच. मला त्या दिवशी भाकरी गोड लागली.

पण आमच्या घरात सुख फार दिवस टिकत नाही.

गिरणीवाल्याचं दुकान वादळात पडलं होतं, ते त्याने नवीन बांधलं आणि आबांना काउंटर सांगितलं. जागा गल्लीच्या वळणावर. समोरची कड आणि मागची भिंत समांतर, पण गल्लीकडची बाजू तिरकी. गिरणीवाल्याने शहरात कुठेतरी बघितलं होतं, म्हणून त्याला वर कडेकडेने चार बोटं रुंदीची पट्टी हवी होती. कोपऱ्यात तिरका सांधा, तसबिरीच्या चौकटीसारखा.

आबांनी मापं लिहून आणलेला कागद मी बघितला. दोन समांतर कडा आणि एक तिरकी. अगदी माझंच गणित.

"आबा, इथे अर्धी चालणार नाही. पुढचा कोपरा मोठा आहे, मागचा लहान..."

"तू मला शिकव आता," आबा म्हणाले. "कानामागून आली आणि तिखट झाली."

त्यांनी सगळीकडे अर्धी मारली. पट्ट्या बसवल्या, तर पुढच्या कोपऱ्यात आतल्या बाजूने फट आणि मागच्या कोपऱ्यात बाहेरच्या. आबांनी सरसात भुसा कालवला, फटी भरल्या, वरून कानस मारली आणि घाम पुसला. गिरणीवाला आला. हात फिरवत फिरवत कोपऱ्याशी थांबला. भुसा अजून ओला होता. त्याने बोट घातलं. बोट आत गेलं. त्याने ते बोट बाहेर काढलं, त्यावरचा लगदा बघितला आणि शेजारच्या पोत्याला पुसला.

"आबा, माझ्या गिरणीत पीठ चांगलं मिळतं. फटी भरायलाच हवं असेल तर ते न्या."

तिथे बसलेले चार जण हसले. आबांनी मान खाली घातली नाही. "तुझी गल्लीच वाकडी आहे," म्हणाले. पडलो तरी नाक वर. पण घरी आल्यावर पाणीसुद्धा मागितलं नाही. सासूबाई चुलीपाशी पुटपुटल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं," आणि ते त्यांना ऐकू गेलं. मला तेव्हा आबांची दया आली. खरंच आली. जन्मभर ज्यांनी गावाच्या चौकटी बसवल्या त्यांनी पोत्याला पुसलेलं बोट बघावं हे बरं नाही.

म्हणून मीच पुढे झाले. नवीन फळ्या काढल्या, दोन्ही कोपरे मोजले. पुढचा शंभर, मागचा ऐंशी. पुढे पन्नासची रेघ, मागे चाळीसची, प्रत्येक पट्टीवर बारीक टोकाच्या पेन्सिलीने. टाकाऊ फळीवर कापून, जुळवून दाखवलं. सांधा असा बसला की नख जाईना. आबा बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिले.

"बसलंय," म्हणाले. आणि पुढचं वाक्य असं, "मग परवा गिरणीवाल्याकडे तूच चल. बसवताना तू लागशील."

"परवा माझा भूमितीचा पेपर आहे."

"पेपर काय, पुढच्या वर्षीही येतो."

"पुढच्या वर्षी वय बसत नाही, आबा. तुम्हाला माहीत आहे."

"दवाखान्यात लोकांच्या गाद्या झटकण्यापेक्षा घरचं काम बरं. आता तर तुला येतंय. गावात तिरक्या जागा कमी आहेत का? सगळ्या गावाची कामं येतील आपल्याकडे."

हे ऐकून मला हसावं की डोकं आपटून घ्यावं कळेना. येत नव्हतं तेव्हा म्हणत होते, येत नाही तर कशाला जातेस. आता आलं तर म्हणतात, येतंय तर कशाला जातेस. जिकडून तिकडून फळीच माझ्या नशिबाला!

"मी तुम्हाला शिकवते," मी म्हटलं. "आजच. सोपं आहे. कोपरा आधी मोजायचा, मग त्याचा अर्धा."

"मी शिकू? सुनेकडून?"

"मग मास्तरीणबाईंकडून शिका!"

हे ओट्यावरून म्हणाले, "आबा, शिका की. मी पण शिकतो."

"तू आधी पटाशी धरायला शीक," आबा म्हणाले आणि विषय संपला.

पेपरच्या दिवशी मी पहाटेच उठले. स्वयंपाक केला, पाणी भरलं, केसांतला भुसा विंचरून काढला. तालुक्याला जाणारी गाडी आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबते. पिशवी घेऊन पडवीत आले तर आबा आधीच कामाला लागलेले. जमिनीवर रंध्याच्या लांब लांब साली पडल्या होत्या. मी एक उचलली. तिच्यावर माझ्या पेन्सिलीची रेघ होती. म्हाताऱ्याने माझ्या सगळ्या रेघा रंध्याने खरवडून काढल्या होत्या आणि नव्याने स्वतःच्या मारल्या होत्या. पट्ट्या कापूनही झाल्या होत्या.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. "का पुसल्यात? बरोबर होत्या ना?"

"फळी माझी, रेघ माझ्या हाताची हवी." त्यांनी पट्ट्या पुढच्या कोपऱ्यासारख्या मांडल्या आणि बाजूला झाले. "बघ. बसलं की नाही?"

मी वाकून बघितलं. तिरक्या बाजूची पट्टी त्यांनी माझ्या मापाने कापली होती, पन्नास. पण समोरच्या कडेची पट्टी हाताच्या सवयीने, अर्धी. आता बोट जात नव्हतं, पण पेन्सिल सहज गेली असती. बाहेर गाडीचा भोंगा वाजला.

"बसलं का?" आबांनी पुन्हा विचारलं.

बसलं म्हणाले असते तर तिथेच सुटले असते. पण मी म्हटलं, "नाही बसलं. फट आहे. आणि मी चालले."

"फट आहे म्हणतेस आणि चाललीस? अगं, तो गिरणीवाला बोलवायला येईल आता! फळी कोण धरणार?"

"मी धरतो," हे बोचकं बांधलेला हात पुढे करत उठले. मला म्हणाले, "जा तू. भोंगा ऐकू येत नाही का?"

मी पायऱ्या उतरले. भोंगा पुन्हा वाजला. मी पळायला लागले, आणि मागून आबांचा आवाज आला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.

"अगं पण कुठे चुकलो ते तरी सांगून जा!"

माझे पाय थांबले. त्या घरात आल्यापासून 'चुकलो' हा शब्द मी आबांच्या तोंडून ऐकला नव्हता, ना सासूबाईंपुढे, ना गावापुढे, ना त्या गिरणीवाल्यापुढे. मागे वळले असते तर दोन मिनिटांचं काम होतं. एक पट्टी, एक रेघ. पण मला माहीत होतं, मी ती पट्टी हातात घेतली की आबा म्हणणार, आता धर. आणि मी धरणार.

गाडीवाला दार लावत होता. मी दार धरलं, पाय आत ठेवला आणि गल्लीकडे तोंड करून ओरडले, "आल्यावर सांगते!"